गावातल्या वर्कशॉपसाठी कॉम्प्रेसरची टाकी: कोणती घ्यावी, कोणती दारातही येऊ देऊ नये

कॉम्प्रेसर घ्यायला निघालेला माणूस मोटर किती एचपीची ते विचारतो, हेड कोणत्या कंपनीचं ते विचारतो, वाइंडिंग तांब्याची आहे का तेही विचारतो. टाकीबद्दल मात्र एकच प्रश्न असतो: किती लिटरची? वणी असो, दारव्हा असो की हिंगणघाट, जुन्या मालाच्या दुकानात पुढचं संभाषणही ठरलेलं. दुकानदार टाकीवर पाना आपटतो आणि म्हणतो, "ठोकून पाय ना भाऊ, कसा आवाज येऊन रायला! असं लोखंड आता भेटते काय?"

आवाजावरून टाकीचं काहीच कळत नाही. वजनावरून कळत नाही, नव्या रंगावरून तर मुळीच नाही. ती हवेसाठीच बनवली होती का, किती दाबासाठी बनवली, आतून तिचा तळ किती खाल्ला गेला आणि दाब हाताबाहेर गेला तर तो सुटायला वाट आहे का, या चार गोष्टींवर टाकीची सुरक्षितता ठरते. टाकी निवडायची ती याच क्रमाने.

आधी टाकीतल्या जोराचा अंदाज घ्या

५० सेंटिमीटर व्यासाची टाकी धरा. तिच्या एका तोंडाचं (टोकाच्या बंद पत्र्याचं) क्षेत्रफळ साधारण १,९६० चौरस सेंटिमीटर भरतं. आत १० किलो दाब असेल (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, आपल्या पौंडांत सुमारे १४२), तर ते एक तोंड बाहेर ढकलणारा जोर होतो साडेएकोणीस टनांच्या वर. दोन्ही तोंडांवर तेवढाच. वेल्डिंगची गोल रेघ हा जोर रोज, दर भरणीला पेलत असते.

शिवाय दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते. २२० लिटरच्या टाकीत ८ किलो हवा भरली की जवळपास दोन टनांचा ट्रॅक्टर चौथ्या मजल्यापर्यंत उचलता येईल एवढी ऊर्जा तिच्यात जमा होते. टाकी फाटली तर ती क्षणार्धात सुटते आणि पत्र्याचे तुकडे माणसांच्या दिशेने घेऊन जाते. पाण्याचं तसं नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून तेवढ्याच दाबाच्या पाण्यात ऊर्जा हजारो पटींनी कमी असते. टाकीची चाचणी पाण्याने घ्यायची, हवेने कधीच नाही, याचं कारण हेच.

किती दाब, किती लिटर

आपल्या कामाला खरंच किती दाब लागतो हे आधी लिहून काढा. मोटरसायकल आणि कारला २५ ते ३६ पौंड. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला शेतात १२ ते १५ पौंडांच्या आसपास. स्प्रे गनला ४० ते ६०, नट खोलायच्या इम्पॅक्ट गनला ९०. शंभराच्या वर जातात ती ट्रकची चाकं. रस्त्यालगत दुकान नसेल आणि ट्रक येत नसतील, तर कट-आउट (ज्या दाबाला प्रेशर स्विच मोटर आपोआप बंद करतो तो) ७ किंवा ८ किलोवरच ठेवा. टाकी १० किलोची असली तरी १० पर्यंत भरलीच पाहिजे असं नाही. रोजचा दाब कमी ठेवला की वेल्डिंगवर ताण कमी, मोटरला आराम आणि विजेचं बिलही कमी.

लिटरचा हिशोब सोपा आहे: टाकीचे लिटर गुणिले दाबातली उतरण. २२० लिटरची टाकी ८ वरून ५ किलोवर आली तर ६६० लिटर मोकळी हवा मिळाली. आता ट्रॉली रंगवायची आहे. गन १० सीएफएमची, म्हणजे मिनिटाला सुमारे २८० लिटर खाणारी, आणि तुमचा २ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला १७० लिटर देतो असं समजा. तूट ११० लिटरची. २२० लिटरच्या टाकीवर सहा मिनिटं सलग रंग मारता येईल, मग दाब भरेपर्यंत चार मिनिटं थांबावं लागेल. १०० लिटरच्या टाकीवर अडीच-पावणेतीन मिनिटांतच हात थांबतो.

मग ५०० लिटरचीच का घेऊ नये? टाकी हवा तयार करत नाही, फक्त साठवते. तोच २ एचपीचा कॉम्प्रेसर ५०० लिटरची रिकामी टाकी ८ किलोपर्यंत भरायला तेवीस-चोवीस मिनिटं सलग धडधडेल. आपल्याकडे व्होल्टेज पडतं तेव्हा हा वेळ आणखी लांबतो आणि मोटर तापते. लाइट गेल्यावर पुरावी म्हणून मोठी टाकी हवी असेल, तर तोही हिशोब करून पाहा: २२० लिटरची टाकी ८ वरून ३ किलोपर्यंत वापरली तर ११०० लिटर हवा निघते. मोटरसायकलची तीस-चाळीस रिकामी चाकं किंवा ट्रॅक्टरची मागची चारेक चाकं त्यात भरतात. पंक्चर आणि किरकोळ रंगकाम करणाऱ्या गावातल्या दुकानाला माझ्या मते १५० ते २५० लिटर पुष्कळ झाले.

ज्या गोष्टी टाकी म्हणून आणायच्याच नाहीत

घरगुती गॅसचं सिलिंडर यात सगळ्यांत वर. त्याची मजबुती खरी आहे, म्हणूनच ते फसवं आहे. तळाला पाणी काढायला जागा नसते, त्यामुळे हवेतलं पाणी आत साचून तळ कुजत राहतो आणि बाहेरून दिसत नाही. कॉक बसवायला त्याला भोक पाडून वेल्डिंग केलं की कारखान्यात भट्टीतून काढून ताण घालवलेला पत्रा त्या जागी पुन्हा ताणाखाली येतो. आत गॅस उरलेला असेल तर वेल्डिंगच्या पहिल्या ठिणगीलाच भडका. आणि ते सिलिंडर तुमचं नसतंच, तेल कंपनीचं असतं. एका गॅससाठीचं सिलिंडर परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

ऑक्सिजन आणि सीएनजीची सिलिंडरं जाड दिसतात, पण ती उष्णताप्रक्रिया करून कडक केलेल्या पोलादाची असतात. त्यांना वेल्डिंगचा टाका लागला की त्या जागचा गुणच बदलतो. फ्रिज-एसीच्या गॅसच्या एकदा वापरून टाकायच्या टाक्या फार पातळ पत्र्याच्या असतात. तेलाचा २०० लिटरचा ड्रम दाबासाठी बनलेलाच नाही. त्यात फक्त २ किलो हवा गेली तरी झाकणावर पाच टनांचा जोर येतो. पीव्हीसी पाइप जोडून केलेली टाकी तर बघूही नका. पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या धारदार चिपा उडतात. हवेच्या लाइनलाही तो पाइप नको.

ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाक्यांबद्दल बरेच जण विचारतात. त्या हवेसाठीच बनवलेल्या असतात, पण लहान असतात. भंगारात येईपर्यंत त्यांनी आत कित्येक वर्षं पाणी बाळगलेलं असतं. पुढे सांगितलेली तपासणी त्यांना पूर्ण लागू होते.

नवी टाकी घेताना

पहिली नजर नेमप्लेटवर जाऊ द्या. बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, वर्ष, लिटर, कामाचा दाब आणि चाचणीचा दाब एवढं तिच्यावर असायलाच हवं. प्लेट छोट्या पट्टीवर लावलेली असते आणि ती पट्टी टाकीला जोडलेली असते. प्लेटसाठी थेट टाकीत रिव्हेटची भोकं पाडलेली दिसली तर तिथूनच परत फिरा. प्लेटवरचा क्रमांक आणि चाचणीच्या दाखल्यावरचा क्रमांक जुळवून पाहा. दाखला "दोन दिवसांनी पाठवतो" म्हणाले तर पैसेही दोन दिवसांनीच द्या. दाबाच्या भांड्यांसाठी आयएस २८२५ आणि हवेच्या टाक्यांसाठी आयएस ७९३८ ही भारतीय मानकं आहेत. टाकी कोणत्या मानकाप्रमाणे बनवली, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या.

नंतर टाकीचा आकार. दोन्ही तोंडं फुगीर, म्हणजे डिशेंडची हवीत. सपाट पत्रा ठोकून बंद केलेली टाकी घेऊ नका. दाबाखाली सपाट पत्रा फुगायला बघतो, दाब उतरला की परत येतो, आणि हे रोज होऊन कडेच्या वेल्डिंगला तडा जातो.

वेल्डिंगच्या रेघांत लांबीची रेघ जास्त महत्त्वाची. गोल टाकीत लांबीच्या रेघेवर येणारा ताण गोल रेघेच्या दुप्पट असतो. म्हणून फाटलेली टाकी बहुधा लांबीतच उलगडलेली दिसते. त्या रेघेवर बोट फिरवा. तिची उंची सारखी असावी, कडेला खाच नसावी, बारीक छिद्रं नसावीत, ग्राइंडर मारून सपाट केलेली नसावी. सॉकेट (व्हॉल्व्ह, नळ्या बसवायची आट्यांची भोकं) किंवा पाय त्या रेघेवर बसवलेले नसावेत. आडव्या टाकीत ही रेघ तळाला असू नये, कारण पाणी तळालाच साचतं.

गावातला फॅब्रिकेटर म्हणेल, "दादा, मी बनवून देतो, निम्म्यात." ट्रॉली, नांगर, गेट तो उत्तम बनवत असेल. पत्र्याची जाडी तरी कशी ठरते ते त्याच्यासमोर मांडा: दाब गुणिले व्यास, भागिले दोन, भागिले पत्र्याला झेपणारा सुरक्षित ताण, भागिले वेल्डिंगचा गुण (अखंड पत्र्याच्या तुलनेत सांधा किती मजबूत धरायचा तो आकडा). १० किलो दाब, ५० सेंटिमीटर व्यास, साध्या पोलादाला दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोचा सुरक्षित ताण आणि तपासणी न केलेल्या वेल्डिंगला ०.७ धरलं, तर उत्तर येतं ०.३६ सेंटिमीटर, म्हणजे ३.६ एमएम. गंजासाठी दीड एमएम वाढवा. झाला ५ एमएमच्या किंचित वर. हा फक्त अंगाचा हिशोब झाला. डिशेंड, सॉकेटभोवतीची मजबुती, वेल्डरची पात्रता हे सगळं वेगळंच. म्हणून शेडमध्ये बनवलेली टाकी घेऊ नये. या एका वस्तूत निम्मे पैसे वाचवणं मला पटत नाही.

जुनी टाकी घेताना

जुनी टाकी चांगली निघू शकते. पण नेमप्लेट नसेल तर तिथेच थांबा, कारण ती किती दाबाची हेच कळत नसेल तर पुढची कोणतीही चाचणी कशाच्या आधारावर घ्यायची?

प्लेट असेल तर सगळे सॉकेट खोलून घ्या. एका सॉकेटमधून टॉर्चचा उजेड टाका, दुसऱ्यातून तारेच्या टोकावरचा कॅमेरा आत सोडा. मोबाइलला जोडायचे असे कॅमेरे आता स्वस्तात मिळतात. बाजूच्या भिंतीवर एकसारखा तांबूस थर दिसेल, त्याची फार चिंता नाही. कॅमेरा तळाला न्या. तिथे तेल-पाण्याचा चॉकलेटी, चिकट चिखल असतो. तारेला फडकं बांधून तो पुसून काढा आणि त्याच जागी पुन्हा पाहा. मुगाएवढे, हरभऱ्याएवढे खड्डे दिसले, पापुद्रे सुटताना दिसले, तर बाहेरून ती कितीही टुमदार असो, घेऊ नका. गंज सगळीकडे सारखा खात नाही. एका खड्ड्याशी पत्रा निम्मा उरलेला असतो आणि टाकीची ताकद त्या निम्म्या पत्र्याएवढीच असते.

हे पाणी येतं कुठून? पावसाळी हवेतून. ऑगस्टमधल्या दमट दिवशी ३० अंशांना एक घनमीटर हवेत वीस-पंचवीस ग्रॅम वाफ असते. तुमचा २ एचपीचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर टाकीत दोनशे मिलीलिटरच्या आसपास पाणी उतरतं. महिनाभर पाणी काढायचा कॉक न उघडलेल्या टाकीत काय होत असेल, ते यावरून समजा.

कॅमेऱ्यात बरी वाटलेली टाकी जाडीच्या तपासणीला न्या. अल्ट्रासोनिक यंत्राने बाहेरूनच पत्र्याची उरलेली जाडी मोजता येते. नागपूरला हिंगणा, बुटीबोरी या औद्योगिक भागांत हे काम करणारे मिळतात. त्यांना तळाच्या रेघेवर दर वीतभर अंतराने आणि दोन्ही डिशेंडच्या खालच्या भागात जाडी मोजायला सांगा. वरच्या अंगाची एकच मोजणी करून दिलेला दाखला कामाचा नाही.

शेवटी पाण्याची चाचणी. ती जाणकाराकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून काय पाहायचं ते माहीत असू द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब आपोआप सोडणारा), प्रेशर स्विच काढून तिथे प्लग लावतात. टाकी काठोकाठ पाण्याने भरतात आणि सगळ्यांत वरचं सॉकेट उघडं ठेवून आतली हवा पूर्ण जाऊ देतात. हवेचा बुडबुडा राहिला तर चाचणीचा सगळा अर्थच जातो. मग हातपंपाने हळूहळू दाब चढवतात, कामाच्या दाबाच्या दीडपट, पण प्लेटवरच्या चाचणी-दाबापेक्षा जास्त नाही. ८ किलोच्या टाकीला १२. अर्धा तास ठेवून काटा उतरतो का, रेघांवर ओल येते का ते बघतात. चाचणीआधी आणि नंतर टाकीचा घेर टेपने मोजा. नंतर तो वाढलेला निघाला तर पत्रा ताणला गेला, टाकी बाद. २२० लिटर पाण्याचं वजनही २२० किलो होतं, त्यामुळे खालची जमीन पक्की हवी.

"हवा भरून साबणाचं पाणी लावून बघू" हा सांध्यांची गळती शोधायचा उपाय आहे, तोही रोजच्या दाबापर्यंतच. त्याला टाकीची चाचणी म्हणू नका.

टाकीवर काय असलं पाहिजे

सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, प्रेशर गेज, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा कॉम्प्रेसरकडे परत जाऊ न देणारा) आणि तळाला पाणी काढायचा ड्रेन कॉक. यातलं एकही कमी चालत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हचा दाब कट-आउटपेक्षा थोडा वर आणि प्लेटवरच्या कामाच्या दाबाच्या वर कधीच नाही. कॉम्प्रेसर जेवढी हवा देतो तेवढी सगळी सोडण्याची त्याची ताकद हवी. म्हणून ५ एचपीच्या कॉम्प्रेसरला छोट्या कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह लावू नका. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दुसरा कॉक नको. सेफ्टी व्हॉल्व्ह सुसवायला लागला म्हणून स्क्रू आवळणं किंवा तिथे प्लग ठोकणं म्हणजे शिट्टी दाबून धरलेला कुकर चुलीवर ठेवणं. सुसवतोय म्हणजे एकतर दाब खरंच चढलाय, नाहीतर व्हॉल्व्ह खराब झालाय. पहिल्यात स्विच तपासा, दुसऱ्यात व्हॉल्व्ह बदला.

स्विच बिघडला म्हणून तो काढून स्टार्टर थेट चालवायचा आणि काट्यावर नजर ठेवायची, ही सवय खेडोपाडी खूप दिसते. गिऱ्हाईक येतं, फोन वाजतो, नजर हटते. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमानेच अट घातली होती की दाबाच्या यंत्रात सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय हवेत. दोन माणसांच्या दुकानाला तसा नियम लागू होवो न होवो, टाकी दोघांच्या शेजारीच उभी असते.

गेजची तबकडी कामाच्या दाबाच्या दीड ते दोन पटीपर्यंतची घ्या आणि कामाच्या दाबाच्या जागी लाल रेघ मारून ठेवा. दुकानात नवीन आलेल्या पोरालाही ती रेघ कळते.

कुठे ठेवायची

सावलीत, पण पत्र्याच्या शेडच्या कोंदट कोपऱ्यात नाही. मे अखेरच्या नवतप्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. पहाटे २५ अंशांना ८ किलोवर भरलेली टाकी दुपारी ५५ अंशांपर्यंत तापली तर कॉम्प्रेसर बंद असूनही दाब जवळजवळ एक किलोने चढतो. सेफ्टी व्हॉल्व्हची किंमत अशा दुपारी कळते. टाकीला चारही बाजूंनी हात जाईल एवढी जागा सोडा, भिंतीला टेकवू नका. टेकलेल्या जागी ओल धरते आणि तिथला गंज दिसत नाही. पायांखाली रबर ठेवा. थरथरीने पायांच्या वेल्डिंगशी तडे जातात, तिथे दर महिन्याला पुसून नजर टाका. आडवी टाकी ड्रेनच्या बाजूला किंचित उतरती ठेवा. जागा असेल तर बसायच्या-उठायच्या ठिकाणापासून भिंतीपलीकडे ठेवलेली बरी.

पहिली भरणी आणि पुढची देखभाल

पहिल्यांदा भरताना २ किलोवर थांबा, साबणाच्या पाण्याने सांधे बघा. गळती दिसली तर पूर्ण दाब सोडूनच पाना लावा. मग ५, मग ८. कट-आउट ठरल्या जागी पडतो का ते दोन-तीनदा पाहा. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून हवा जोरात सुटते आणि रिंग सोडताच बंद होते, एवढं पाहिलं की टाकी कामाला लागली. ही रिंग पुढे दर महिन्याला ओढायची, चेहरा बाजूला ठेवून.

ड्रेन कॉक रोज संध्याकाळी, दाब थोडा शिल्लक असताना उघडा. पाणी संपून कोरडी हवा येईपर्यंत उघडा ठेवा. पावसाळ्यात दुपारीही एकदा. कॉम्प्रेसरपासून टाकीपर्यंतची नळी वर्षातून एकदा काढून आत काजळी जमली का ते पाहा, कारण तापलेल्या नळीतली तेलाची काजळी पेट घेऊ शकते. जाडीची तपासणी वर्षाला एकदा, खरिपाची धावपळ सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या आणि आकडे वहीत लिहा. मागच्या वर्षीपेक्षा किती उतरले, यावरून टाकीचं उरलेलं आयुष्य कळतं.

टाकीच्या अंगावर कधीही वेल्डिंग करू नका. पाना अडकवायचा हूकही नको. तळाला सुईएवढं भोक पडून हवा सुटायला लागली तर त्यावर लांबी (पुट्टी), टाका, रबरी पट्टा असला कोणताच इलाज चालत नाही. ते भोक पडलं याचा अर्थ आजूबाजूचा पत्राही पातळ झालाय. त्याच मिनिटाला मोटर बंद करा, ड्रेन उघडा, टाकी बाद धरा.

बाद टाकी भंगारात देताना एक काम नक्की करा. सगळे सॉकेट उघडून हवा आणि तेल काढा, आणि ड्रिलने अंगाला दोन-तीन मोठी भोकं पाडा. गॅस कटर वापरू नका, आत तेलाची वाफ असते. नेमप्लेट उपटून घ्या. नाहीतर तीच टाकी महिनाभरात रंग मारून, पाना आपटून, शेजारच्या गावातल्या कोणाला तरी विकली जाईल.